कंपनीचं नसलेलं पायदान

हौसेला मोल नाही म्हणतात. नसू दे, पण थोडी अक्कल तरी असावी. आमच्या ह्यांना, म्हणजे हेमकांतरावांना, जुन्या मोटारसायकलींच्या क्लबात घेतलं आणि होती नव्हती तीही गेली. शहाद्याच्या उन्हाळ्यात लोक बनियनवर बसतात, तेव्हा हे कातडी जाकीट घालून फिरायला लागले. क्लबातले सगळेच तसले. एकमेकांना 'ब्रदर' म्हणायचं आणि बापाने चालवलेली गाडी पुसत बसायचं.

आमच्याकडे सासऱ्यांची राजदूत होती. नानांनी ती नवी घेतली तेव्हापासून शेत, बाजार आणि दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, म्हसावद, आईंचं माहेर. सासूबाईंचा डावा गुडघा लग्नानंतर लगेच बैलगाडीवरून पडून आखडला, तो वाकत नाही. म्हणून नानांनी शौकतभाई वेल्डरकडून गाडीला डाव्या बाजूने लांब लोखंडी पायदान जोडून घेतलं होतं, पाटाएवढं रुंद. आई त्यावर आखडलेला पाय ठेवून बसत. एसटीची पायरी त्यांना चढवत नाही, चारचाकीत मळमळतं. राजदूत बंद पडली आणि त्यांचं माहेरही बंद पडलं.

तेव्हा ह्यांनी गाडी धुळ्याला नेली, नवीकोरी करायला. आई रोज विचारायच्या, "मन्ही गाडी कधी येई रे?"

"अखाजीले नाना तुले म्हसावदले लई जातीन, मंग ते झालं?" हे म्हणायचे. दिलदारपणाचा आव आणण्यात ह्यांचा हात कोणी धरणार नाही.

अखाजीच्या आदल्या दिवशी पुरुषोत्तमनगरजवळच्या मैदानावर क्लबाचा मेळावा होता. गाडी तिथे पहिल्यांदा दिसणार होती आणि तिथूनच म्हातारा-म्हातारी म्हसावदला निघणार होते. आई नवं लुगडं नेसून, सांजोऱ्यांची पिशवी मांडीवर घेऊन, मळमळ सोसत नानांबरोबर आमच्या कारमधून आल्या. गाडी मात्र टेम्पोतून आली, चाकाला माती लागू नये म्हणून. आधी शर्यत झाली. धूळ उडेल या भीतीने ह्यांनी दुसऱ्या गिअरच्या वर गाडी नेलीच नाही आणि शेवटचे आले. वर मलाच सांगतात, "स्पीड हा आपला विषयच नाही." मग काय, पुसणं हाच विषय.

खरं बक्षीस होतं सगळ्यात 'ओरिजिनल' गाडीला. ते ह्यांना मिळणार हे दिसतच होतं. राजदूत आरशासारखी चमकत होती. आई लंगडत तिच्याजवळ गेल्या, सीटवर हात फिरवला आणि खाली वाकून बघायला लागल्या. पायदान नव्हतं. सीटखाली कंपनीची एक बोटभर लांबीची दांडी तेवढी होती.

"आई, ते कंपनीनं नव्हतं," हे घाईघाईने म्हणाले. "कापी टाकं. आते गाडी एकदम ओरिजिनल व्हयनी."

"व्हयनी ते व्हयनी," आई म्हणाल्या. "मन्हा पाय कोठे ठेवू?"

ह्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मला इतका संताप आला की तो कातडी जाकिटाचा बागुलबुवा टेम्पोतच घालून परत पाठवावा असं वाटलं. आई सीटला धरून, एका पायावर भार देऊन उभ्या राहिल्या. पिशवी त्यांनी माझ्याकडे दिली.

तेवढ्यात परीक्षक आले, नाशिकचे, टोपीवाले. गाडीभोवती फिरले, गुडघ्यावर बसून नटबोल्ट पाहिले, माना डोलावल्या. क्लबाचा एक नियम होता. बक्षीस देण्याआधी, गाडी पहिल्या मालकाच्या घरातली असेल तर त्याने चारचौघांत ती ओळखायची. त्यांनी माइक नानांपुढे धरला.

"काका, हीच ना तुमची गाडी?"

हे आधीच हसून फोटोला उभे होते. नानांनी चमकणारी टाकी पाहिली नाही. ते डाव्या बाजूला गेले, त्या बोटभर दांडीकडे बघितलं, मग आईंकडे.

"नही भाऊ," ते माइकात म्हणाले. "मन्ही गाडीवर मन्ही बायको बसे."