दिवसा झोपणाऱ्या घरातला पंखा

मित्रांनो, दुपारी डोळे मिटता मिटता तुम्हाला सगळ्यात शेवटी काय दिसतं? छताला टांगलेलं काहीतरी गोल, धूसर, फिरत असलेलं. तोच मी. कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं एक घर आहे, त्या घरातला जुना पंखा. माझा रंग एकेकाळी सायीसारखा होता, आता दुधाच्या चहासारखा झाला आहे. फिरताना थोडा कुरकुरतो, पण घराला त्याची सवय आहे.

आम्हा पंख्यांना माणसं वरूनच दिसतात. कुणाचा भांग, कुणाचं टक्कल, आणि झोपलेले चेहरे. जागेपणी आमच्याकडे फारसं कुणी बघत नाही. म्हणून झोपलेली माणसंच आमच्या जास्त ओळखीची. मला तर वाटतं, माणूस झोपला की त्याचं स्वप्न वाफेसारखं हळूहळू वर येतं आणि माझ्या पात्यांत येऊन घोटाळतं. खरं-खोटं देव जाणे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते आता नीटसं आठवत नाही. माझ्या पोटात तांब्याची तार भरणाऱ्या बाईच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, एवढंच आठवतं. तिथून मी कोल्हापूरच्या एका दुकानात आलो. दुकानदार गिऱ्हाइकांना दाखवायला मला फिरवत ठेवायचा.

एका उन्हाळ्यात कल्लाप्पा दुकानात आले. फाउंड्रीत काम करणारे, दंडांवर ठिणग्यांचे डाग. घरी त्यांची बायको रत्नाबाई पोटुशी होती आणि उकाड्याने तिचा जीव घाबरा होत होता.

"आजच न्या की पावणं," दुकानदार म्हणाला. "पैसं म्हैन्याच्या म्हैन्याला थोडं थोडं द्या."

"नगं. समदं जमलं की नेतो. तवर हितंच फिरू दे त्याला. मी येऊन बघून जातो."

"बघून वारं लागतंय व्हय?"

"लागतंय की, थोडं थोडं!"

आणि खरंच, दर रविवारी बाजाराची पिशवी घेऊन ते दुकानाच्या दारात उभे राहायचे आणि मान वर करून माझ्याकडे बघायचे. देवळाच्या शिखराकडे बघावं तसं. मला त्यांची वाट बघायची सवय लागली. शेवटी एका रविवारी ते मला खांद्यावर घेऊन घरापर्यंत चालत आले. रत्नाबाईंनी माझ्या पात्याला कुंकवाचं बोट लावलं. आठवड्याभरात वृषभ जन्मला आणि माझ्याच वाऱ्यात पहिल्यांदा गाढ झोपला.

ते दिवस माझ्या कौतुकाचे. गल्लीतल्या बायका तांदूळ निवडायला आमच्या घरी यायच्या आणि म्हणायच्या, "रत्नाबाई, तुमच्या घरात वारं कसं देवळातल्यागत लागतंय!"

रत्नाबाईंची एक रीत मात्र मला सुरुवातीला कळायची नाही. त्या रोज पहाटे बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात जायच्या आणि देवापुढे हात जोडून त्या दिवसापुरता एक छोटा नियम घ्यायच्या. आज मीठ खाणार नाही. आज गोड खाणार नाही. आणि कधी कधी, आज पंख्याखाली बसणार नाही. त्या दिवशी त्या बाहेरच्या पायरीवर बसायच्या. मला वाईट वाटायचं. आपलं काय चुकलं, असं वाटायचं. पुढे उमगलं, त्यात राग नव्हता. मन कुठल्याच वस्तूला चिकटून बसू नये म्हणून ती जपणूक होती. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याखाली येऊन बसायच्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर वाऱ्याचा आनंद नवा असायचा.

कल्लाप्पा गेले. वृषभ मोठा झाला, शिरोलीच्या एका कारखान्यात लागला. सोनल सून म्हणून आली. मग त्रिशला जन्मली, तीही माझ्याच वाऱ्यात वाढली. आणि मग घरात हप्ता आला.

आधी दारात एक मोठी धडधडणारी मोटरसायकल उभी राहिली. मग भिंत झाकणारा टीव्ही आला. दोन्ही वस्तू देखण्या होत्या, खोटं कशाला बोलू! पण पगार हातात येण्याआधीच त्या तो वाटून घ्यायच्या. रात्रपाळीला भत्ता जास्त मिळतो, म्हणून वृषभने कायमची रात्रपाळी मागून घेतली. दिवस कलला की तो जायचा, सकाळी यायचा आणि माझ्याखाली झोपायचा. पडदे ओढलेले, दार लोटलेलं. माझ्या सावल्या भिंतीवरून पाण्यासारख्या फिरत राहायच्या. घरच दिवसा झोपायला लागलं. पूर्वी वृषभच्या स्वप्नात रंकाळ्याची हवा असायची, त्याच्या खांद्यावर बसलेली त्रिशला असायची. आता वर यायची ती नुसती यंत्रांची घरघर.

सोनल भांडी फडक्यावर ठेवून घासू लागली. रत्नाबाईंनी स्तोत्र मनातल्या मनात म्हणायला सुरुवात केली. आणि त्रिशला कुजबुजायला शिकली. "आई, भूक लागली," कुजबुजून. "आज्जी, बघ चिमणी," तेही कुजबुजून. शाळेतल्या बाईंनी सोनलला बोलावून सांगितलं, "अहो, पोरगी हुशार आहे, पण वर्गात तिचा आवाजच येत नाही. कोल्हापूरची पोर आणि कुजबुजते?"

या उन्हाळ्यात स्लॅब तव्यासारखा तापला. माझंही अंग थकलं होतं. मी फिरायचो, पण वारा खाली पोचायचा नाही. वृषभ या कुशीवरून त्या कुशीवर होत राहायचा. एका दुपारी तो उठून बसला आणि म्हणाला, "सोनल, एसी घिऊया. दिवसा झोप झाली न्हाई तर राती उभं ऱ्हायाला हुईना झालंय."

"आणि त्याचा हप्ता?"

"शनवारचीबी रातपाळी धरतो की."

शनिवारची रात्र ही त्याची घरी असण्याची एकुलती एक रात्र.

मित्रांनो, मी वरून ऐकत होतो. झोप लागत नाही म्हणून एसी. एसीसाठी आणखी रात्रपाळी. आणि रात्रपाळी म्हणून तर दिवसाची झोप! मीही आयुष्यभर गोल गोलच फिरलो, पण माझ्या फिरण्याने निदान वारा तरी येत होता.

दोन दिवसांनी एसीच्या दुकानाचा माणूस भिंत मोजायला आला. हसरा, बोलका. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्यो म्हातारा काढून टाकतो. भंगारवाला नेईल." माझ्या तारेतून गार काहीतरी सरकलं.

त्रिशला दारात उभी राहून हळूच काहीतरी विचारत होती.

"मोठ्यानं बोल की बाळा," तो माणूस हसून म्हणाला. "मुंगीगत काय बोलतीस?"

ती बापाजवळ गेली. तो खुर्चीवर बसला होता, पूर्ण जागा. तिने त्याच्या कानाला तोंड लावलं. "बाबा, आता तुम्ही शनिवारी पण नसणार?"

"अगं, मी जागा हाय. मोठ्यानं बोल की."

"येत न्हाई," ती कुजबुजली. "आता मला मोठ्यानं बोलायला येतच न्हाई."

वृषभ तिच्या तोंडाकडे बघत राहिला. त्या माणसाने मोबाइल पुढे केला. "हितं अंगठा लावा, झालं. ऑफर आजच संपतीया."

कोपऱ्यातून रत्नाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "वृषभा, कायमचं नगं म्हणू नगंस. आजच्यापुरता नियम धर. आज घरात नवी वस्तू न्हाई."

वृषभने हात मागे घेतला. "आज न्हाई. आमचा नियम हाय."

"अहो, पण ऑफर!"

"संपू दे की."

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. ऑफर वाढली होती. वृषभ म्हणाला, "आमचा नियमबी वाढलाय." तिसऱ्या दिवशी सोनलनेच फोन उचलला आणि तिकडचं बोलणं सुरू व्हायच्या आत म्हणाली, "आजसुद्धा आहे!" ठेवल्यावर तिला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून हसली, सवयीने, आवाज न करता.

मग तिने मिस्त्रीला बोलावलं. त्याने मला खाली उतरवलं, कंडेन्सर बदलला, बेअरिंग धुऊन तेल घातलं. सोनलने माझी पाती लिंबाच्या पाण्याने पुसली. वृषभने गच्चीवर चुन्याचे दोन हात मारले, खिडकीत ओलं गोणपाट लावलं. पुन्हा वर गेलो आणि पहिला फेरा घेतला, तेव्हा कॅलेंडरची पानं एकदम फडफडली. "आत्ती, लागतंय की वारं!" सोनल सासूला म्हणाली.

मोटरसायकल सोडणं मात्र सोपं गेलं नाही. नेसरीचा एक माणूस ती घ्यायला आला, त्या सकाळी वृषभ तिची टाकी पुसतच राहिला. तिच्याच पैशांत तिचं कर्ज फिटलं आणि वृषभने पुन्हा दिवसपाळी मागून घेतली. कारखान्यातले दोस्त म्हणाले, "काय रं, गाडी कुटं ठेवलीस?" तो म्हणाला, "इकली. आता राती झोपतोय." टीव्हीचे हप्ते अजून चालू आहेत, पण तेवढे दिवसपाळीच्या पगारात बसतात.

त्रिशलाचा आवाज काही एका दिवसात परत आला नाही. आता चौघं दिवस मावळायच्या आत एकत्र जेवायला बसतात. तिथे आधी तिचं "मला भात" जरा स्पष्ट आलं. मग एकदा ती खोकल्यासारखं हसली. आणि काल संध्याकाळी, कारखान्याची बस कोपऱ्यावर थांबली तेव्हा, ती खिडकीच्या गजांना लोंबकळून ओरडली, "बाबाऽऽऽ, आलासा व्हय?"

शेजारच्या आक्का बाहेर आल्या. "काय ही पोर! गल्ली डोक्यावर घेतीया!"

"घेऊ दे," रत्नाबाई पायरीवरून म्हणाल्या. काल त्यांचा पंख्याखाली न बसायचा नियम होता.

मित्रांनो, माझी पाती उद्या थांबतील, परवा थांबतील. तेव्हा मला खुशाल उतरवा. नव्या वस्तू घरात येऊच नयेत असं मी कसं म्हणू? मीही एकेकाळी नवाच होतो. पण जुन्या वस्तूला आधी एकदा तेलपाणी करून बघा. आणि नवी वस्तू दारात आली, की अंगठा लावण्यापूर्वी घरातल्या झोपलेल्या चेहऱ्यांकडे नीट बघा. या वस्तूसाठी यांतल्या कुणाला रात्रभर बाहेर राहावं लागणार आहे, तेवढं स्वतःला विचारा. उत्तर येईपर्यंत आजचा दिवस थांबा.