उकळलेला पर्णसखा

"सर, तुमचा हा पर्णसखा उकळून घातला तर काय होईल?"

हा प्रश्न मी दोनशे माणसांसमोर, हातात माइक धरून, शाळेच्या गणवेशात विचारला. तो मला सुचलेला नव्हता. सुचला होता आमच्या चौघी मैत्रिणींतल्या चष्मेवालीला, कारण तिची आई घरात येणारी प्रत्येक पातळ वस्तू आधी उकळते. पैज अशी होती, की ज्याचं उत्तर सरांकडे तयार नसेल असं काहीतरी विचारायचं. नाही विचारलं, तर आठवडाभर तिघींची दप्तरं माझ्या पाठीवर. गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीलासुद्धा बाकाखाली बघत 'हजर' पुटपुटायचे. नववीत आल्यापासून काय झालंय कोण जाणे, माझा हात आपोआप वर जातो.

तो संशोधन संस्थेचा 'खुला दिवस' होता, आणि पर्णसखा म्हणजे तिथे बाटलीत भरून मिळणारं, रोपं वाढवणाऱ्या जंतूंचं पाणी. काचेच्या हरितगृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बागवाले, शिक्षक, निवृत्त मंडळी, कडेवर बाळं घेतलेल्या आया, आणि आमचा अख्खा वर्ग. पुढे एक हिरवा पडदा. संस्थेत तसे वीसेक सर आहेत, पण नुसतं 'सर' म्हटलं की ते एकच. त्यांनी पडदा ओढला आणि गर्दीतून 'आहाहा!' निघालं. डावीकडे टोमॅटोची पिवळी, मरतुकडी रोपं. उजवीकडे हिरवीगार, मांडीएवढी उंच, टवटवीत.

"डावीकडे फक्त पाणी," सर मंजुळ आवाजात म्हणाले. "उजवीकडे आपला पर्णसखा. माती तीच, ऊन तेच. फरक एकच, प्रेमाचा! याला जंतू म्हणू नका हं. जंतू म्हटलं की तो रुसतो. तो मित्र आहे. घालणाऱ्याचा भाव त्याला कळतो."

"कळतोच," पहिल्या रांगेतले एक आजोबा मान डोलवत म्हणाले. त्यांच्या हातात दोन बाटल्या आधीच होत्या. दारात फुकट वाटत होते.

आणि मग माझा प्रश्न. सरांनी डोळे मिटले. मोठा श्वास घेतला. माझ्याकडे अशा मायेनं पाहिलं, की मला उगाच अपराधी वाटलं.

"बाळ," ते म्हणाले, "तू तुझ्या आईला उकळशील का?"

हरितगृह हास्यानं दणाणलं. टाळ्या काय, शिट्ट्या काय! आमच्या विज्ञानाच्या बाईसुद्धा हसल्या. माझे कान लालबुंद झाले, पण खाली बसताना मी चष्मेवालीला कोपरानं ढोसलं. "उत्तर मिळालं का? नाही ना? मग दप्तर माझं तू उचल."

एकच माणूस हसलं नव्हतं. भिंतीपाशी ट्रे धरून उभी असलेली माझी ताई.

ताई गेली तीन वर्षं याच सरांच्या हाताखाली पीएचडी करतेय. तिचं काम म्हणजे पर्णसखा नेमका काय करतो ते शोधणं. पण झालं होतं असं, की तिच्या कुंड्यांत तो काहीच करत नव्हता. अकरा वेळा प्रयोग, अकरा वेळा रोपं पिवळी. सरांचा लाडका विद्यार्थी, ज्याला सगळे 'उजवा हात' म्हणतात, तो तेच करायचा आणि त्याची रोपं छताला टेकायची.

"तुझ्या हाताला यश नाही," सर ताईला म्हणायचे. "मनात शंका घेऊन पर्णसख्याजवळ जातेस. तो कसा येईल?"

तुम्हाला वाटेल, प्रयोगशाळेत पांढरे कोट घालणारी माणसं असल्या बोलण्याला हसत असतील. छे! तिथे नवीन प्रयोगाची पहिली कुंडी सरांच्या हातूनच भरायची. सरांचा मूड नसेल त्या दिवशी जंतूंचं कपाट उघडायचं नाही. उजवा हात तर तीन वर्षं एकच निळा पेन वापरत होता, पहिला निकाल त्यानं लिहिला होता म्हणून. आणि आवारातून जाताना पाहुण्यांना तळमजल्यावरचा तो वेल दाखवायचा. निर्जंतुकीकरणाच्या खोलीबाहेर, जिथे दिवसभर वाफेचा हिस्स-हिस्स आवाज येतो, तिथे एका फुटक्या बादलीत लावलेला वेल जिना चढून पहिल्या मजल्यावर पोचला होता. "त्याला आम्ही कधी काही घातलं नाही," सर सांगायचे. "नुसता पर्णसख्याचा सहवास!" लोक त्या वेलाबरोबर फोटो काढायचे.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर ताईनं पर्समधून एक कागद काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे प्रयोग फसले, हे मी मान्य करते.' खाली सहीसाठी जागा. दोन महिन्यांनी समितीपुढे तिचं सादरीकरण होतं. सही केली तर सर तिला एक वर्ष वाढवून देणार, पुन्हा पहिल्यापासून. नाही केली तर बाहेर.

"कर सही," बाबा म्हणाले. "मोठी माणसं आहेत ती. आपलंच काहीतरी चुकत असेल."

"अकरा वेळा, बाबा?"

"अगं, त्यांनी धाकटीलासुद्धा सुट्टीतल्या बालवैज्ञानिक शिबिरात घेतलंय. त्यांचा राग ओढवून घ्यायचा का आता?"

हे बोलताना बाबांच्या डोक्यावरून काहीतरी ओघळलं. आईनं नाक मुरडलं. "अहो, हा वास कसला?" बाबा गडबडीनं उठले. नंतर मला न्हाणीघरात पर्णसख्याची बाटली सापडली, अर्धी रिकामी. आमच्याकडे तर एकच गुलाबाची कुंडी आहे. बाबांचं टक्कल गुलाबापेक्षा मोठं आहे, एवढंच सांगते.

मी ताईच्या मागे स्वयंपाकघरात गेले. ती चहा ढवळत होती, साखर न घालताच.

"ताई, तू करतेस तरी काय? पहिल्यापासून सांग. मला कळेल असं."

"काय सांगायचं, चिंगे. जंतू वाढवायला त्यांना खाणं लागतं. एक पातळ रस असतो, सूपच म्हण. तळमजल्यावर निर्जंतुकीकरणाच्या खोलीत काकू आहेत ना, त्या तो मोठ्या कुकरसारख्या यंत्रात शिजवून देतात. त्यात जंतू सोडायचे. दोन दिवसांत लाखो होतात. मग मी ते यंत्रात गरगर फिरवते, जंतू तळाला बसतात. वरचं सूप ओतून द्यायचं, जंतू दोनदा धुवायचे, स्वच्छ पाण्यात कालवायचे आणि कुंडीत घालायचे. पुस्तकात तसंच लिहिलंय."

"आणि उजवा हात?"

"तो धूत नाही. धुतल्यानं जंतू दुखावतात म्हणे. तो बाटली तशीच ओततो."

"सुपासकट?"

"सुपासकट."

"आणि पिवळ्या रांगेला?"

"नुसतं पा..."

ताईचा चमचा कपातच थांबला.

"म्हणजे," मी म्हटलं, "एका पोराला रोज सूप पाजायचं, दुसऱ्याला पाणी, आणि पहिलं गुटगुटीत झालं की म्हणायचं, बघा, याचा मित्र किती चांगला!"

"त्या सुपात नत्र असतं," ताई हळूच म्हणाली. "भरपूर. म्हणजे खतच. आणि आमच्या कुंड्यांत मुद्दाम कस नसलेली वाळू-माती असते." मग एकदम तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला. "उकळायचं! गधडे, तू तेच तर विचारलंस!"

"मी नाही, चष्मेवालीनं."

"इतकी वर्षं कुणीच कसं केलं नाही?" ती स्वतःशीच बोलत होती. "पहिल्या शोधनिबंधात 'तुलनेसाठी पाणी' असं लिहिलं, आणि मग सगळ्यांनी 'पूर्वीप्रमाणेच' लिहीत तेच केलं. मीसुद्धा."

सहा आठवडे आम्ही कुणाला कळू दिलं नाही. हरितगृहातल्या ताईच्या कोपऱ्यात चाळीस कुंड्या. दहांना पाणी. दहांना धुतलेले जिवंत जंतू. दहांना सूप आणि जिवंत जंतू, उजवा हात घालतो तसे. आणि दहांना तेच सूप, तेच जंतू, पण आधी यंत्रात शिजवून पार मेलेले. कुठल्या कुंडीला काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं, आणि ते फक्त मला माहीत. दर सोमवारी शाळा सुटल्यावर मी जाऊन घालायची. मोजायची ताई, आणि तिला यातलं काही ठाऊक नाही. नाहीतर तिलाही आपल्या आवडत्या कुंड्या जरा जास्तच उंच दिसल्या असत्या. ही युक्ती तिचीच. "माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवायचा नाही," ती म्हणाली, तेव्हा मला ती फार आवडली.

कुंड्यांवर मी जांभळ्या चमचमत्या पेननं एक ते चाळीस आकडे टाकले. यादी पाकिटात बंद करून आम्ही ऑफिसातल्या भाऊसाहेबांना दिली. त्यांना शिक्के मारायची भारी हौस. त्यांनी एका पाकिटावर सात शिक्के मारले, तारखेसकट.

समितीच्या दिवशी मी शाळेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि सभागृहात शेवटच्या रांगेत बसले. पुढे सर, शेजारी उजवा हात, आणि बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम. मॅडम कुणाकडे न बघता पेन्सिलीला टोक काढत होत्या. लांब टेबलावर चाळीस कुंड्या. ताई उठून टेबलापाशी गेली.

"सर, माझ्या हाताला यश नाही असं तुम्ही म्हणता. म्हणून निवाडा तुमच्यावर सोपवते. यातल्या ज्या कुंड्यांत पर्णसखा जिवंत आहे, त्या तुम्हीच वेगळ्या काढा."

सर प्रसन्न हसले. उठले. बाह्या सारल्या. "हे काय सांगायला हवं? आईला आपलं मूल ओळखायला वेळ लागतो का?" एकेका रोपावरून हात फिरवत ते टेबलाच्या कडेनं चालले. "हा आहे. हा आहे. इथे नाही, बिचारं. हा तर काय, बोलतोच आहे माझ्याशी!" पाच मिनिटांत वीस हिरव्या कुंड्या एकीकडे, वीस पिवळ्या दुसरीकडे. उजव्या हातानं टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच.

परीक्षक मॅडमनी सातही शिक्के तपासले, पाकीट फोडलं आणि वाचू लागल्या. वाचता वाचता त्यांची पेन्सिल थांबली.

"या वीस हिरव्यांतल्या दहांत," त्या म्हणाल्या, "पर्णसखा उकळून मेलेला आहे. आणि या वीस पिवळ्यांतल्या दहांत तो धुऊन घातलाय. जिवंत."

ताईनं यादी घेतली आणि आपली मोजमापं तिच्याप्रमाणे फळ्यावर मांडली. सूप मिळालेली सगळी रोपं सारखीच उंच, मग मित्र जिवंत असो की मेलेला. सूप न मिळालेली सगळी सारखीच खुरटी.

सर क्षणभरच गडबडले. त्यांचा आवाज पुन्हा मंजुळ झाला. "बघितलंत? मेल्यावरसुद्धा त्याचं प्रेम उरतं!"

तेवढ्यात दारातून आवाज आला. "सर, ते प्रेम नाही. ते माझं सूप आहे."

निर्जंतुकीकरणाच्या खोलीतल्या काकू दारात उभ्या होत्या, हात ओले, कपाळावर वाफेचा घाम. ताईनंच त्यांना बोलावलं होतं.

"तो बाहेरचा वेल आहे ना, जिना चढलेला? रोज भांड्यांत जे उरतं, ते मी त्याच्या बुडाशी ओतते. ताजं, शिजवलेलं. त्यात तुमचा सखा अजून पडलेलाच नसतो. जिवंत नाही, मेलेला नाही, काहीच नाही."

"हे तुम्ही इतके दिवस सांगितलं का नाही?" मॅडमनी विचारलं.

"मला कुणी विचारलंच नाही, बाई."

पुढचं ऐकलंत तर हसाल. आठवड्याभरात सर सगळ्यांना सांगू लागले, की ही उकळायची कल्पना मुळात त्यांचीच. एक चौकशी समिती नेमली गेली, आणि ती समिती कशी नेमावी हे ठरवायला आणखी एक. पहिल्या रांगेतल्या आजोबांचा पर्णसख्यावर अजून पूर्ण विश्वास आहे. पण ताईचा तो कागद सहीशिवाय परत गेला. तिचा प्रबंध आता 'पर्णसखा का चालत नाही' यावर होणार, आणि मार्गदर्शक परीक्षक मॅडम. आभाराचं पान तिनं आधीच लिहून ठेवलंय; त्यात काकू आहेत, चष्मेवाली आहे, भाऊसाहेबांचे सात शिक्केही आहेत.

मला त्या सुपाचा राग नाही. सूप चांगलंच आहे, वेलाला विचारा. मला राग आला तो त्या हशाचा. दोनशे माणसं हसली, आणि त्यांतल्या कुणालाही वाटलं नाही की या पोरीला उत्तर मिळालेलंच नाही. त्यात शिकलेले होते, शिकवणारे होते. चमत्कार दाखवणाऱ्याच्या अंगावर भगवं असो की पांढरा कोट, त्याला एवढंच विचारा: दुसऱ्या कुंडीत काय घातलंत? तो चिडला, हसला किंवा तुमच्या आईवर घसरला, तर समजा, दुसरी कुंडी त्यानं नीट भरलेलीच नाही.

काल रात्रीच्या जेवणाला मी ताटावर चमचा वाजवला.

"आई, बाबा, माझा निर्णय झालाय. सुट्टीत मी त्या शिबिराला जाणार नाही. मला गॅलरी हवी, अख्खी. कपडे दुसरीकडे वाळत घाला. आणि बाबा, न्हाणीघरातली ती बाटली आणा, त्यातलं अर्धं उकळायचंय."

बाबांचा घास हातातच राहिला. "कोणती बाटली?"

"डोक्याच्या डाव्या बाजूला न उकळलेलं, उजव्या बाजूला उकळलेलं, आणि मध्ये नुसतं पाणी. तीन महिने. मोजणार आई, आणि कुठे काय ते तिला सांगायचं नाही."

आई हसून हसून टेबलाला टेकली. ताईनं ओढणीत तोंड लपवलं. बाबांनी सावकाश डोक्यावरून हात फिरवला.

"आणि काहीच उगवलं नाही तर?"

"तर मी तसं लिहिणार," मी म्हटलं.