उस्तानीचा बेत

“गाव कोणतं गं तुझं?” नागुबाईनं नव्या पोरीला विचारलं.

“पिंगळी. गुरुपादअप्पाच्या कापडाच्या दुकानातली. त्येंची बायकू मी, उमादेवी.”

नागुबाई खडूनं कापडावर रेघ ओढत होती. तिनं ती सरळच पुरी केली आणि मग खडू खाली ठेवला. गुरुपादअप्पाची पहिली बायको ती स्वतः होती. परभणीच्या या जनाना हुनरशाळेत, म्हणजे बायकांच्या शिवणशाळेत, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मोगलाईत मास्तरीणबाईला उस्तानी म्हणत आणि इथं तिचं तेवढंच नाव उरलं होतं.

गुरुपादनं हैदराबादेहून शिवणयंत्र आणलं तेव्हा अख्खी पिंगळी बघायला लोटली होती. बायकोनं मात्र त्याला हात लावायचा नाही, असा त्याचा दंडक होता. बाईच्या हातानं यंत्र बिघडतं म्हणायचा. एकदा तो परगावी गेलेला बघून नागुबाईनं एक पोलकं शिवायला घेतलं आणि तो अवचित परत आला. ओरडला नाही, की अंगावर धावून आला नाही. त्यानं तिचं बोट सुईखाली धरलं आणि चाक फिरवलं.

“आता शीव,” म्हणाला.

पुढं वांझ ठरवून त्यानं तिला पोखर्णीला भावाच्या दारात आणून सोडलं आणि दुसरं लगीन लावलं. भावानं तिला हुनरशाळेत घातलं, तेही घरातलं एक खाणारं तोंड कमी व्हावं म्हणून. जुन्या उस्तानी सकीनाबींनी तिला कातर धरायला शिकवलं. ती शिकली ती पोटासाठी नव्हेच. पिंगळीचं ते दुकान डोळ्यांपुढं ठेवूनच ती कापड कापायची. सनद मिळाली, सकीनाबी थकल्या आणि त्यांच्या जागी ती बसली. गुरुपादला कधीतरी दाखवायचंच, एवढं तिच्या मनात पक्कं होतं. काय दाखवायचं, ते मात्र ठरलं नव्हतं.

आता देवानं त्याची बायकोच आणून समोर बसवली होती.

उमा बोलकी होती. लढाईमुळं नवऱ्याला शिपायांच्या वर्द्यांचा ठेका मिळाला होता, पण शिवणारे कारागीर मिळत नव्हते. म्हणून आधी ज्या यंत्राला बाईचा हात चालत नव्हता, त्याच यंत्रासाठी त्यानं बायकोला शिकायला धाडलं होतं. सगळं ती हसत सांगायची.

नागुबाईनं तिला सगळं नीट शिकवलं. फक्त मुंढा, म्हणजे बाही जोडायची ती जागा, चुकीची शिकवली. मुंढा खोल कापू नकोस, आवळ असला की शिपाई ताठ दिसतो, असं सांगितलं. उमानं घरी जाऊन वर्द्यांच्या कापडाची ठाणंच्या ठाणं तशीच बेतली.

काही दिवस उमा वर्गाला आलीच नाही. नागुबाई गेल्यानंतर पिंगळीला नांदायला आलेली कस्तुराबाई वर्गात होती, तिच्याकडून कळलं की वर्द्या शिपायांच्या खांद्यात अडकल्या आणि गठ्ठेच्या गठ्ठे माघारी आले. त्या दिवशी नागुबाईला भाकरी गोड लागली.

मग उमा आली ती हाताला चिंधी गुंडाळून. विचारलं तर म्हणाली, सुई लागली. नागुबाईनं चिंधी सोडली. चुकून लागलेली सुई बोटाच्या कडेला लागते. ही नखाच्या मधोमध शिरून आरपार गेली होती.

“चाक त्येनं फिरवलं का?”

तोवर कोरडी बसलेली उमा तेव्हा रडली. नागुबाईनं आपलं दुभंगलेल्या नखाचं बोट तिच्या बोटाशेजारी ठेवलं. उमानं एक बोट बघितलं, मग दुसरं.

“तुमी पोखर्णीच्या?” तिनं हळूच विचारलं.

नागुबाईनं मान हलवली. मुंढ्याचं मात्र तिच्या तोंडून निघालं नाही.

सूड तिनं सोडला नाही. फक्त तो आता ज्याच्या अंगाचा होता त्याच्याच मापानं बेतायला घेतला. दुसऱ्या दिवशी तिनं मुंढा पुन्हा पहिल्यापासून आणि बरोबर शिकवला. वर्दी, शेरवानी, झंपर, यंत्र खोलून तेल घालून परत जोडणं, सगळं तिनं उमाच्या हातात उतरवलं. बायकोचं शिकणं पुरं झालं की कारागिराची ददात मिटली, म्हणून पिंगळीला गुरुपाद वाट बघत होता. इकडं पालमला बायकांचा नवा वर्ग निघणार होता. तिथल्या उस्तानीच्या जागेसाठी नागुबाईनं उमाचंच नाव लावून धरलं.

उमा घाबरली. नवरा काय म्हणंल, माहेरचे उभं करतील का, असं विचारू लागली.

“तू त्या यंत्रावर जाऊन बसलीस तर त्येचंच भलं हुईल,” नागुबाई म्हणाली. “त्येच्यासाठी न्हाई शिकवलं मी तुला.”

इम्तिहान झालं, उमा पास झाली आणि पिंगळीच्या गाडीत बसलीच नाही, शाळेतच राहिली.

गुरुपाद तणतणत शाळेच्या दारात आला. दार उघडून नागुबाई उभी राहिली, तसा तो पायरीवरच थांबला.

“तू?”

“हितं उस्तानीबाई म्हणत्यात.”

“माझी बायकू माघारी दे.”

“कंची?” नागुबाईनं विचारलं.

मग तो पंचांचं बोलला, तालुकदाराकडं जाईन म्हणाला. नागुबाईनं खुशाल जा म्हणून सांगितलं. दोघी येऊ आणि पंचांपुढं बोटं ठेवू, एवढंच वर जोडलं. तो गेला, पण पंचांकडं गेला नाही. ठेका हातचा गेला. दारातलं बोलणं वर्गातल्या बायकांनी ऐकलंच होतं, ते आगगाडीबरोबर पिंगळीला पोचलं. बाजारात तो दिसला की माणसं त्याच्या पाठीमागं ‘कंचीअप्पा’ म्हणून हसू लागली. नागुबाईला हे कळलं तेव्हा तिनं कस्तुराबाईकडून ते पुन्हा एकदा सांगवून घेतलं.

उमा पालमला निघाली त्या सकाळी टांगा दारात उभा होता. हातावर घालायला नागुबाईनं दह्याची वाटी आणली. उमा टांग्यात बसली होती.

“उस्तानीबाई, मुंढा तुमी मला पैल्यांदा चुकीचा दावला,” ती म्हणाली. “मी कोन हाय ते तुमाला तवा ठाऊक व्हतं न्हवं?”

“व्हतं.”

उमानं मान हलवली.

“पालमच्या पोरींना मी पैल्या दिसापासून बराबर शिकवीन,” ती म्हणाली आणि तिनं बसल्या जागेवरून लिंगायती रीतीनं दोन्ही हात जोडून नमस्कार केला. “शरणार्थ.”

जोडलेल्या हातांवर दही घालता येईना. टांगा हलला. नागुबाईनं वाटीवर पदर धरला आणि ती आत वळली. पोरी यंत्रं थांबवून दाराकडं बघत होत्या.

“चालू द्या,” ती म्हणाली.