बिनआवाजाची बटणं

…बटण खाली जातं, पण गेल्यासारखं वाटत नाही. बोट टेकवलं की नुसतं मऊ काहीतरी दबतं, पडद्यावर अक्षर उमटतं आणि कानाला पत्ताच नसतो. तिनं मुद्दाम या नव्या कीबोर्डचा स्पेसबार जोरात दाबून पाहिला, तरी तेच — जुन्या कीबोर्डचा स्पेसबार एका कोपऱ्यात सैल झाला होता, दर शब्दाला दोनदा खटखटायचा, मीटिंगमध्ये सगळे वैतागायचे; टीमलीड तर परवा विचारत होता, घरात सुतारकाम काढलंय का म्हणून. शेवटी ऑफिसनंच हा नवा पाठवला. आज सकाळी तिनं तो खोक्यातून काढून जोडला आणि जुना कपाटावर टाकला. बरं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल, पण हल्ली बरं वाटलं तरी ते लक्षात यायला वेळ लागतो.

शेजारच्या खोलीत बाबा खोकले.

खोकला कोरडा होता. कोरडा असला की उठायला नको. घरघर आली तर पाणी. काठी जमिनीवर आपटली तर हातातलं टाकून पळायचं… हे सगळं तिचा कान तिला न विचारता ठरवतो. बाबा बाथरूममध्ये पडले, खुबा मोडला, तेव्हापासून तिचा एक कान त्याच खोलीत असतो, झोपेतसुद्धा. कधीकधी तिला वाटतं, तो कान तिथंच ठेवून यावं आणि कुठंतरी जाऊन गाढ झोपावं, कुणी हाक मारली तरी उठू नये.

धाकट्या भावाचा फोन सकाळीच येऊन गेला होता. बाबांना कायमचं आपल्याकडं न्यायचं त्याच्या मनात होतं — तळमजल्यावरची खोली रिकामी केली होती, दिवसभर त्यांच्यापाशी बसायला एक बाई मिळाली होती, फक्त बाईंना होय-नाही आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. तो काही वाईट बोलत नव्हता. वाईट बोलला असता तर सोपं झालं असतं, दोन शब्द सुनावून फोन ठेवता आला असता. पण तो म्हणाला, "ताई, तू थकलीयेस. तुझ्या आवाजात ऐकू येतं मला." संध्याकाळी सांगते, एवढंच ती म्हणाली.

काम. कामाकडे बघ, बाई.

त्यांचं ॲप म्हणजे ऑफिसातल्या लोकांनी एकमेकांशी बोलायची जागा. प्रत्येक गटाचं एक चॅनल. तुम्ही चॅनल उघडलं की तुमचा ब्राउझर सर्व्हरला सांगतो — इथं जे येईल ते मला कळव. ते सबस्क्रिप्शन. आणि तुम्ही दुसरीकडे गेलात की त्यानं सांगायला हवं, आता नको. जुन्या कोडमध्ये हे 'आता नको' कुठंच नव्हतं. माणूस सकाळपासून जिथं जिथं डोकावला, त्या प्रत्येक चॅनलला त्याचा ब्राउझर दुपारपर्यंत कान लावून बसलेला असायचा. यंत्र तापायचं, एकच निरोप दोनदा यायचा. हे लिहिणाऱ्याला सगळे दाढी म्हणायचे. दाढी केव्हाच नोकरी सोडून गेला. जाताना दुरुस्ती म्हणून दुसरा निरोप गाळून टाकणारी एक चाळणी तेवढी बसवून गेला. रोग राहिला बाजूला आणि मलमपट्टी भलतीकडेच.

ती हे आठवडाभर निस्तरत होती. जागोजागी पसरलेलं सगळं एका ठिकाणी आणलं. उघडलं की ऐकायचं, निघालं की थांबायचं. आज दाढीची चाळणी पुसली, तिच्याखालचा गुंता पुसला, आणि पडद्यावर एवढी मोकळी जागा झाली की तिला उगाच खुर्चीत मागे रेलावंसं वाटलं… निघालं की थांबायचं. किती सोपं लिहिता येतं.

बाबा पुन्हा खोकले. ती उठून गेली. काय हवंय? काही नाही. परत येऊन बसते न बसते तोच पुन्हा. पाणी दिलं, उशी सारखी केली. काही नको होतं. जेवणानंतर पुन्हा तेच. आज जरा जास्तच चाललं होतं, आणि तिला राग आला — खरा, उफाळून आलेला, लाज वाटावी असा राग. मुद्दाम करतात का? मी काय यंत्र आहे, कळ दाबली की उठायला?

यंत्र… बाबा छापखान्यात मशीनवर होते. लहानपणी ती त्यांचा डबा घेऊन जायची, तेव्हा तिथल्या धडधडीत तिला कानांवर हात ठेवावे लागायचे आणि बाबा मात्र बाजूच्या बाकड्यावर खुशाल डुलकी काढत असायचे. एवढ्या गोंगाटात झोप कशी लागते, असं तिनं विचारलं होतं. ते म्हणाले होते, चालू असतं तोवर लागते. बंद पडलं की जाग येते. आईला हे कुणालाही सांगायला फार आवडायचं — आमच्या ह्यांना झोपेतून उठवायचं तर घरातला पंखा बंद करावा लागतो.

चार वाजायच्या सुमारास तिनं भावाला निरोप लिहिला. 'ने त्यांना. रविवारी ये.' लिहिला आणि तसाच ठेवला, कारण तेवढ्यात ॲप तपासणाऱ्या टेस्टिंगवालीचा फोन आला. ही बाई कधी नमस्कार-चमत्कारात वेळ घालवत नाही.

"काय केलंयस गं? आकडेच गेले सगळे."

चॅनलच्या नावापुढे न वाचलेल्या निरोपांचा लाल आकडा दिसतो, तो. उघड्या चॅनलचं ठीक चाललं होतं, बाकीच्यांचे आकडे हलत नव्हते. "सगळीकडे शांत," टेस्टिंगवाली म्हणाली. "मला वाटलं, आज कुणी कामावरच नाही."

तिनं कोड पुन्हा वर-खाली पाहिला, आणि मग तिला दिसलं. आकडे मोजायची वेगळी सोय कुणी केलीच नव्हती. बंद करायचे राहून गेलेले ते कान — त्यांच्यावरच आकडे चालले होते, इतकी वर्षं. तिनं घाण म्हणून जे काढलं, त्याच्यावर दुसरं काहीतरी उभं होतं. करायला गेले काय अन् उलटे झाले पाय. तिनं तसं सांगितलं, तर टेस्टिंगवाली हसली. म्हणाली, जुना कोड म्हणजे असून अडचण, नसून खोळंबा. तीही हसली, आणि हसता हसताच तिला फोनमधला तो न पाठवलेला निरोप आठवला. आकड्यांसाठी वेगळं, छोटंसं ऐकणं ठेवावं लागेल, उद्या करते, असं काहीतरी बोलून तिनं फोन ठेवला.

खोकला.

या वेळी ती रागातच गेली. दारातूनच म्हणाली, "बाबा, काय होतंय तरी काय आज? डॉक्टरांना बोलवू का?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. दुपारभर झोपले नव्हते, डोळे लाल होते.

"मला कुठं काय झालंय," ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "तुझी नोकरी गेली का गं?"

"नोकरी? का बरं?"

"सकाळपासून तुझी खडखड नाही. रोज थांबलीस की मी जरा खोकतो, मग तुझं परत सुरू होतं. आज सुरूच होईना." त्यांनी चादरीची कड बोटांत धरली होती. "गेली असली तर सांग. मला सांगितलंस तर चालतं."

तिनं मान हलवली, नाही म्हणून, त्यांच्या पायांवरची चादर गरज नसताना सारखी केली, आणि बाहेर आली.

म्हणजे… इतके दिवस तो खोकला… आणि मी कोरडा की ओला ते तपासत बसले होते. मला वाटत होतं या घरात ऐकणारी मी एकटीच आहे. एकटीच, म्हणून तर एवढी थकलेय.

तिनं कपाटावरून जुना कीबोर्ड काढला, पदरानं पुसावा तसा ओढणीच्या टोकानं पुसला आणि जोडला. लिहायचं काहीच नव्हतं, डोकं चालतच नव्हतं. तिनं नुसतीच अक्षरं बडवली, ओळभर, आणि पुसली. पुन्हा बडवली. स्पेसबार त्याच्या सवयीनं दोन-दोनदा खटखटला. मग ती थांबली. हात वरच धरून, श्वास रोखून. शेजारी पलंग करकरला… आणि खोकला आला, लहानसा, विचारल्यासारखा.

ती घाईनं पुन्हा सुरू झाली. काहीबाही, वाट्टेल ते. हळूहळू भिंतीपलीकडून श्वास ऐकू यायला लागला, लांब, दुपारभर राहिलेल्या झोपेचा. टेबलावर फोन उजळला; भाऊ विचारत होता, बाईंना काय सांगू. बरोबर होतं त्याचं. ती थकलेली होती, सकाळी होती तितकीच. त्यातलं काही कमी झालं नव्हतं. 'ने त्यांना' तिथंच होतं, नुसतं पाठवायचं बाकी, किंवा पुसायचं… तिची बोटं चालत राहिली. दोन्हींसाठी फोन उचलायला हवा होता, आणि फोन उचलायचा तर हात थांबवावे लागणार होते.