फाटकावरच्या सासूबाई

आमच्या शेजारचं रिकामं घर दातांच्या एका निवृत्त डॉक्टरांनी विकत घेतलं, तेव्हा सासूबाई खूश झाल्या होत्या. शेजार रिकामा असला की भांडायला माणूस मिळत नाही, आणि माझ्या एकटीवर त्यांचं भागत नसे.

डॉक्टर शहरातून आले ते बायको, वासराएवढं एक कुत्रं आणि दात काढायची अवाढव्य खुर्ची घेऊन. जन्मभर वापरलेली खुर्ची टाकवेना, म्हणून त्यांनी ती बैठकीच्या खोलीतच मांडली. पाहुणे दारातच घुटमळायचे. कुत्र्याला नवरा-बायको 'बाळ' म्हणत. बाळाच्या तोंडात माझं डोकं सहज मावलं असतं.

आमच्या कुरणातून एक पायवाट तळ्याकडे जाते. जमीन आमची, वाट सगळ्यांची. हे कोणी कोणाला लिहून दिलेलं नाही, पण ती अडवायचं आजवर कोणाच्या मनातही आलं नव्हतं. फाटक उघडलंत तर लावून जा, एवढंच काय ते पथ्य.

पहिल्याच आठवड्यात सासूबाई शेणाचं घमेलं घेऊन फाटकात उभ्या होत्या. डॉक्टर फिरायला निघालेले. म्हणाले, "आजी, जरा सरकता का?"

सासूबाई सरकल्या. घरी येऊन त्यांनी घमेलं आपटलं.

"आजी म्हणाला मला! टकलावर माशी बसली तर घसरून पडेल त्याच्या, आणि मी आजी!"

त्यानंतर फाटक उघडं राहायला लागलं. रोज नाही, अधूनमधून. एकदा सगळ्या गाई बाहेर पडल्या आणि थेट डॉक्टरांच्या बागेत गेल्या. फुलझाडांचा असा फडशा पाडला की नुसते देठ उरले. डॉक्टर तणतणत आमच्या गोठ्यात आले. मी धार काढत होते, सासूबाई शेजारी उभ्या राहून चुका काढत होत्या.

"तुमच्या गाईंनी माझी बाग खाल्ली!"

"तुम्ही दार उघडं टाकून जेवायला बोलावलंत. त्या बिचाऱ्या नाही कशा म्हणतील?"

"मग बांधून ठेवा त्यांना!"

"माझ्याच कुरणात? तुमचं ते बाळ बांधा आधी. काल कालवडीच्या मागे लागलं होतं."

"खेळत होता तो."

"ती गाभण आहे. तिचं खेळायचं वय गेलं."

डॉक्टरांनी मग कायदा काढला. वहिवाटीचा रस्ता आहे, तुम्हाला अडवता येणार नाही, वगैरे. आता तोवर अडवण्याचा विषयच निघाला नव्हता. तो सासूबाईंना त्यांनीच सुचवला. दुसऱ्या दिवशी फाटकाला हे एवढं कुलूप.

डॉक्टरांनीही मग फाटकाच्या दोन्ही बाजूंनी आपल्या हद्दीवर काटेरी तार ओढली. दोघांचा हिशेब चुकता झाला, आणि मधल्यामध्ये भरडले गेले बाकीचे. तळ्यापलीकडच्या वस्तीवर जाणारी नर्सबाई आता औषधांची पिशवी घेऊन मोठ्या रस्त्याने वळसा घालायची. ती तक्रार घेऊन आली, तर सासूबाई म्हणाल्या, "त्या दातवाल्याला सांग." डॉक्टर म्हणाले, "त्या बाईंना सांगा." नर्सबाईने दोघांनाही जे सांगितलं, ते मी इथे सांगू शकत नाही. माझा नवरा मध्ये पडेल अशी मला वेडी आशा होती. आईचा विषय निघाला की त्याला ट्रॅक्टरखाली काहीतरी बिघडलेलं दिसतं. त्या महिन्यात आमच्या ट्रॅक्टरइतका धडधाकट ट्रॅक्टर जगात दुसरा नसेल.

आणि मग सासूबाईंची दाढ दुखायला लागली.

आधी त्यांनी ते कबूलच केलं नाही. लवंग चघळली, मिठाच्या पाण्याने चुळा भरल्या, दाढेला शिव्या दिल्या. सकाळी उठल्या तेव्हा डावा गाल पावासारखा फुगला होता आणि डोळा बारीक झाला होता. शहरात न्यावं, तर मोठ्या रस्त्यावरचा पूल दुरुस्तीला काढलेला, गाड्या बंद. मी म्हटलं, "आई, शेजारी चला."

"त्याच्यासमोर मी तोंड उघडू?"

"तोंड उघडायला तुम्ही कधीपासून लाजायला लागलात?"

एरवी या वाक्यावर माझी धडगत नव्हती. पण त्या नुसत्या कण्हल्या. मग मात्र मी घाबरले.

रस्त्याने जायचं तर डॉक्टरांचं घर लांब पडतं. कुरणातून ते हाकेच्या अंतरावर, पण मध्ये सासूबाईंचंच कुलूप. किल्ली मागितली, तर त्यांनी ती कोणाला सापडू नये म्हणून इतकी नीट लपवली होती की आता त्यांनाही आठवेना. मी पिठाचे डबे पालथे घातले, गाद्या उलटल्या. शेवटी त्या गाल धरून तरातरा निघाल्या. "चढते मी."

चढल्या. चढणं त्यांना जमलं, उतरणं जमेना. एक पाय अलीकडे, एक पलीकडे आणि लुगडं मधल्या खिळ्यात अडकलेलं. मी खालून ढकलत होते. तेवढ्यात पलीकडून बाळ धावत आलं, पुढचे पंजे फाटकावर टेकवले आणि सासूबाईंचा सुजलेला गाल मनापासून चाटायला लागलं.

सासूबाईंच्या ओरडण्याने डॉक्टर आणि त्यांची बायको धावत आले. डॉक्टरांनी वर पाहिलं. कितीतरी बोलता आलं असतं त्यांना. मी त्यांच्या जागी असते, तर बोललेच असते. पण त्यांनी फक्त मान वाकडी करून त्या गालाकडे पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "शिडी आण. आणि पाणी उकळायला ठेव."

खुर्चीत बसल्यावर सासूबाई प्रथमच लहान दिसल्या. डॉक्टरांनी जबडा बधिर केला, तोंडात कापूस कोंबला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं असावं की अशी संधी पुन्हा मिळणार नाही. ते बोलायला लागले.

"फाटक मी मुद्दाम उघडं टाकत नव्हतो. तुमच्या त्या साखळीची कडी मला लागतच नाही. ओढतो, अडकवतो, वळलो की सुटते. कोणाला विचारायची लाज वाटली. इतकी वर्षं लोकांच्या तोंडात तारा बसवल्या मी, आणि फाटकाची कडी लावता येत नाही म्हणून कसं सांगणार?"

"आँ," सासूबाई म्हणाल्या.

"बोलू नका. आणि हिच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय. सपाट जागी रोज चालायला सांगितलंय. इथे सपाट अशी तुमची तेवढी एक वाट आहे. ती वाट बघूनच घर घेतलं आम्ही. तुम्ही कुलूप लावल्यापासून ही या खुर्चीभोवती फेऱ्या मारतेय."

दारात उभी असलेली डॉक्टरीणबाई खजील होऊन हसली. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दुखत होतं म्हणून, असं त्या आजही सांगतात.

दाढ निघाली. सासूबाईंनी कापूस थुंकला आणि वाकड्या तोंडाने पहिलं वाक्य बोलल्या, "हे आधी शांगायला तुमच्या तोंडात काय दात नव्हते?"

"होते," डॉक्टर म्हणाले. "पण तुमच्या तोंडाची भीती वाटायची."

"आणि आजी का म्हणालात?"

डॉक्टर गोंधळले. त्यांना ते आठवतही नव्हतं.

कुलूप माझ्या नवऱ्याने त्याच दिवशी कापलं. साखळी काढून त्याने फाटक जरा तिरकं टांगलं, म्हणजे सोडलं की आपोआप बंद होतं. बापजाद्यांपासून कोणाला हे सुचलं नव्हतं. कारण आम्हाला ती कडी येत होती, आणि दुसऱ्याला येत नसेल हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. डॉक्टरांनी काटेरी तार गुंडाळून ठेवली. कालवड वितेपर्यंत बाळ दोरीला राहील, असं ठरलं. नर्सबाई पुन्हा कुरणातून जायला लागली. तिने अजून दोघांनाही माफ केलेलं नाही.

सासूबाई डॉक्टरांशी आजही धड बोलत नाहीत. त्यांच्या बायकोशी मात्र बोलतात. संध्याकाळी दोघी तळ्यापर्यंत जातात, ती तिच्या हृदयासाठी आणि या तिच्या चुका काढण्यासाठी. हळू चालतेस, भरभर चालतेस, पायात हे काय घातलंयस. ती ऐकून घेते आणि मधूनच असं एखादं वाक्य टाकते की सासूबाई वाटेत थांबून हसतात. त्यांना हसताना मी लांबून पाहिलं, तेव्हा आधी वाटलं ठसका लागलाय.

तेवढा वेळ घरात कोणीही नसतं. मी चहा करते, पाय वर घेऊन बसते, आणि चहा निवेपर्यंत मला कोणी काही म्हणत नाही. ती वाट अडवायचं आता कोणी नाव काढू दे, कायदाबियदा राहू द्या, त्याची गाठ माझ्याशी आहे.