पिल्वीची घंटा

"घंटा वाजतेय तोवर चालायचं, पोरा. थांबली की समजायचं, कुत्र्यानं पाखरू रोखलंय."

वडिलांचा तो आवाज ओन्नीच्या कानात अजून लख्ख होता. कालपरवाचे आवाज मात्र विरत चालले होते. उभा जन्म आरागिरणीच्या पात्यापाशी गेला आणि पात्यानं कान खाल्ले. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. ऐकू न येणाऱ्याच्या हाती बंदूक देऊन त्याच्याबरोबर रानात कोण शिरेल? निदान आयली तरी नाही.

आयली त्याची धाकटी बहीण. शाळेच्या स्वयंपाकघरात राबायची आणि नेम धरायला त्याच्याहून उजवी. वडील गेल्यापासून ऑक्टोबरातलं ओलं रान दोघं मिळूनच तुडवायची.

गाडीच्या बॉनेटवर वेलचीचा पाव ठेवत ती म्हणाली, "खा. उपाशीपोटी तुझा नेम आणखी बिघडतो."

"आज मी तितर पाडतो, तू पिसं वेच."

"गेल्या शनिवारी काय पाडलंस? स्प्रूसच्या झाडाची फांदी!"

"उडत होती ती."

आयली खळखळून हसली. समोरासमोर असलं की तिच्या ओठांवरून त्याला सगळं उमगे. रानात शिरल्यावर त्याची वेगळी युक्ती होती. त्यांच्या कुत्रीच्या, पिल्वीच्या गळ्यातली पितळी घंटा थांबली की आयली थांबायची. आयलीचं नारिंगी जाकीट थांबलं की ओन्नी थांबायचा. असे दोन हंगाम निभावले होते.

पिल्वी झाडीत घुसली. पांढरी, काळ्या ठिपक्यांची सेटर कुत्री. पाण्यात मासोळी शिरावी तशी नेचांत शिरली. वर पिवळी पानं, खाली पिवळी पानं, मधून दोघांची वाट. बूट भिजले, बाह्या भिजल्या. ओन्नीला त्याचं काही नव्हतं. हे रान त्याच्या तळपायांना पाठ होतं.

ओढ्यापाशी सरोवराकडून धुकं आलं. बघता बघता नारिंगी जाकीट त्यात बुडून गेलं.

ओन्नी क्षणभर उभा राहिला. मग स्वतःशीच हसला. रात्रभर पाऊस झालाय. तितर उघड्यावर कशाला बसेल? स्प्रूसच्या खालच्या फांद्यांशी, कोरड्या जागी असेल. तो सरळ तिकडे निघाला.

आणि तिथंच पिल्वी होती. मान ताणलेली, पुढचा एक पाय उचललेला, अंगावरचा केसही हलत नव्हता.

ओन्नीनं एक पाऊल टाकलं. पाचोळा फुटावा तसा तितर उठला. पंखांची धडधड कानांनी नाही, छातीनं ऐकली. दुनळी बंदूक आपसूक खांद्याला लागली. पाखरू खालून, सरळ रेषेत चाललेलं, धुक्याच्या तोंडाशी. डोळे मिटून पाडावं असं.

आयली कुठाय?

बोट घोड्यावर होतं. ते त्यानं काढलं आणि नळ्या आभाळाकडे केल्या. तितर धुक्यात विरला.

त्याच धुक्यातून, पाखरू गेलं नेमक्या त्याच रेषेतून, नारिंगी जाकीट चालत आलं. आयलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण जवळ येता येता तिला हसू फुटलं.

"देवा रे! ओढ्यापाशी वाट चुकले मी. 'मी समोर आहे, गोळी झाडू नकोस' म्हणून घसा फुटेस्तोवर ओरडले." तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "तिखट आहेत हो म्हाताऱ्याचे कान! ऐकलंस म्हणून वाचले."

पिल्वी दोघांच्या पायांत घोटाळत होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पुढचा शनिवार होता, पुढचा ऑक्टोबर होता.

ओन्नीनं दुनळी बिजागरीतून वाकवून उघडली, दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकली आणि बहिणीच्या डोळ्यांत पाहिलं.

"मी ऐकलं नाही, आयली. तू दिसत नव्हतीस, म्हणून झाडली नाही. घंटासुद्धा ऐकलेली नाही मी. दोन हंगाम झाले."