गार हब

वैशाखरं गाव मागं पडलं, समोर माळशेजची चढण दिसू लागली, तसा देवरामनं ट्रॅक्टर कडेला घेतला. चाकामागं दगड लावला आणि ट्रॉलीच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसून मधल्या हबवर हात ठेवला.

ट्रॉलीत बसलेल्या मंडळींनी उसासे टाकले. सकाळपासून दर थोड्या अंतरावर हेच चाललं होतं.

"झाली का पूजा?" म्हाताऱ्या धाऊबाबानं वरून विचारलं. "नारळ इथंच फोडतोस, का घाट चढल्यावर?"

"बेअरिंग तापलंय का बघतोय, बाबा."

"तापलं असंल तर भाकऱ्या भाजून घे. तिकडं बोकड खोळंबलाय."

बोकड घाटावर होता, रुपाच्या सासरी. माहेरी पळून आलेल्या रुपाला परत नांदायला पोचवायचं होतं. एका मुलीला पोचवायला खरं तर एक माणूस आणि एसटीचं तिकीट पुरतं. पण हा पंचांचा निवाडा होता. निवाडा पोचवायला पंच लागतात, पंचांबरोबर त्यांचे मेहुणे लागतात, आणि बोकडाची खबर फुटली की ट्रॉली लागते.

निवाड्याच्या दिवशी रुपाला रीतसर विचारलं होतं, का नाय नांदायचं म्हणून. दोन्हीकडचे पुरुष गोल करून बसलेले, ती मधोमध. ती मातीकडे बघत राहिली. मग पंढरीतात्या म्हणाला, भांड्याला भांडं लागायचंच, आणि ते सगळ्यांना पटलं. पंढरीतात्या तिचा चुलता. तिला बाप नव्हता, तेव्हा मुलीकडून तोच बोलला. पंचांत थोरलाही तोच, तेव्हा पंचांकडूनही तोच बोलला. रुपाच्या आईला विचारायचं राहून गेलं.

देवराम या कशात नव्हता. त्याचं काम चाकांपुरतं. ट्रॉली वीटभट्टीच्या मालकाची, एरवी विटा वाहणारी. टायर ट्रकवाल्यांनी टाकून दिलेले. माणसं बसायची म्हणून आदल्या दिवशी त्यानं दोन्ही चाकं जॅकवर उचलून हलवून पाहिली होती. जुनं काळं ग्रीस डिझेलनं धुतलं, नवं तळव्यानं बेअरिंगमध्ये दाबून दाबून भरलं, नट आवळला आणि परत जरासा सैल सोडला, तो निसटू नये म्हणून कॉटर पिन नवी घातली, हवा भरून घेतली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं. रात्रभर खांदे ठणकले.

मागं एकदा चिरलेल्या टायरवर वरात न्यायला तो नाही म्हणाला होता आणि नवरदेवाला बाशिंग सावरत पायी जावं लागलं होतं. तेव्हापासून लोक त्याला शिव्या देत, पण चाकाच्या बाबतीत त्याचा शब्द मोडत नसत. खरं बोलण्याबद्दल गावात माणसाला एवढंच मिळतं.

हब गार होता. कोमटसुद्धा नाही.

पाय मोकळे करते म्हणून रुपा खाली उतरली आणि त्याच्या शेजारी येऊन बसली.

"दादा, तापलंय का रे?"

"नाय गो. गार हाय."

"म्हंजे पोचणार."

"पोचणार."

तिनं आपला तळवा हबवर ठेवला आणि तसाच राहू दिला, तो तापायची वाट बघत असल्यासारखा. बांगड्या मागं सरकल्या. मनगटाच्या वर डाग होते, एकाखाली एक, काही सुकलेले, काही अजून ओलसर. चुलीचे चटके असे रांगेत बसत नाहीत.

देवराम फडक्यानं हात पुसत राहिला. हात स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिला. चाकाबद्दल तो आजवर खोटं बोलला नव्हता. आता बोलायचं तर तेही स्वतः कालच भरलेल्या बेअरिंगबद्दल.

"उतरा सगळे," तो म्हणाला. "बेअरिंग गेलं. घाट चढायचा नाय याच्यावर."

"आँ? कालच भरलंस ना रे ग्रीस?" धाऊबाबा म्हणाला.

"भरलं. तरी गेलं."

"जाऊ दे, मग एसटी पकडू. नगरची येईलच आता."

देवरामनं एसटीचा विचार केला नव्हता. त्याचा विचार चाकापर्यंतच जायचा.

"थांब, बघू तरी," म्हणत पंढरीतात्या उतरला. स्वतः हात लावल्याशिवाय तो बैलही घेत नसे. गुडघ्यांवर हात टेकत तो खाली बसला आणि हबवर तळवा ठेवला, रुपाच्या तळव्याला लागून. रुपानं हात काढला नव्हता. तात्यानं तिच्या हाताकडं पाहिलं. मग मनगटाच्या वर पाहिलं.

देवराम टायरच्या नक्षीत अडकलेला खडा नखानं काढू लागला.

तात्याचा हात तिथं बराच वेळ राहिला. निवाड्याला लागला होता त्याहून जास्त.

"आयला!" एकदम हात झटकत तो ओरडला. "पोळला की रे!" मग जरा हळू म्हणाला, "रुपा, हात काढ गो. भाजंल."

तिनं हात काढला.

"मग एसटीच बघायची ना?" धाऊबाबा धोतर सावरत उतरला.

"नाय. चांगल्या कामाला निघालो आन् चाक अडलं. आता पुढं पाय टाकायचा नाय. फिरवा मागं."

"आन् सोयऱ्यांना काय सांगायचं?"

"वैशाखऱ्यात एसटीडीवाला हाय. फोन लावून बेअरिंग गेलं म्हणून सांग."

"कधी सुधरंल म्हणून सांगू?"

तात्या गुडघ्यांवर हात टेकत उठला.

"आन् बोकड, तात्या?"

"जगंल."

ट्रॅक्टर वळवल्यावर देवरामनं भार कमी करायला सांगितलं. सपाटीला, हळूहळू, रिकामी ट्रॉली जाईल म्हणाला. पंच चालतील, मेहुणे चालतील. रुपा बसली तरी चालेल, तिचं वजन ते काय. कुणी वाद घातला नाही; चाकाचा मामला होता.

वैशाखरं ओलांडल्यावर देवरामनं वळून पाहिलं. रुपा ट्रॉलीच्या कोपऱ्यात गाठोड्याला टेकून झोपली होती. मागं पंच पांगून चालले होते, धाऊबाबा अजून बोकडाबद्दलच बोलत असावा. सगळ्यांच्या मागं, एकटा, पंढरीतात्या बोटांवर फुंकर घालत येत होता. त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं, तरी.